टोपली उलटायची वेळ

इंदुबाई एकतीस वर्षं योगेंद्रशेठच्या डेअरीत वेताच्या छोट्या टोपल्यांत जमवायचं सुरती पनीर करत होती, आणि एवढ्या वर्षांत शेठला एकच गोष्ट कळली नव्हती: टोपली कधी उलटायची. लवकर उलटली तर पनीर फुटतं, उशीर झाला तर वेताला चिकटतं. इंदुबाई भिंतीकडे तोंड करून काहीतरी गुणगुणायची आणि नेमक्या क्षणी उलटायची. शेठने विचारलं की आपल्या अहिराणीत म्हणायची, हातले समजस. म्हणून तिची नोकरी टिकून होती, हे दोघांनाही माहीत होतं.

शैलजाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. स्कॉटलंडला लेकीकडे सहा महिने राहिल्या आणि तिथला नाच शिकून आल्या. तिथल्या एका गावाने आपल्या जुन्या चीजच्या धंद्यावर नाच बसवला होता. समोरासमोर दोन रांगा, एक दही कापते, दुसरी दाबते. मग सुरतच्या मराठी मंडळाने पनीरवर का बसवू नये? चौकशीत शहरातल्या लिंबायत वस्तीतली इंदुबाई सापडली.

नाचातून काही पनीर निघत नाही, असं समजून इंदुबाईने आठ बायकांना सगळं दाखवलं. गुणगुणायची ते गाणंही म्हटलं: चार कडवी संपली की उलटायचं. शैलजाबाईंनी संगीत जुळवायला त्या गाण्याला घड्याळ लावलं. मग शाळेच्या सवयीने मिनिटांसकट सगळं वळणदार अक्षरात उतरवलं, खाली इंदुबाईंचे आभार मानले, कागद लॅमिनेट केला आणि देणगीच्या विनंतीसोबत एक प्रत शेठला पाठवली. शेठने घासाघीस न करता देणगी दिली. त्याला ओळखणाऱ्याने तेव्हाच घाबरायला हवं होतं.

तो तालमींना येऊ लागला. दर वेळी टोपली उलटायची तिसरी फेरी पुन्हा करायला लावे आणि मोबाइल धरून बसे. बायकांना ते कौतुक वाटलं.

"बाई, शेठ पायसकडे देखत नही," इंदुबाई म्हणाली. "हातकडे देखस."

"हातच तर महत्त्वाचे," शैलजाबाई म्हणाल्या, आणि मनगट कसं वळवायचं ते तिलाच समजावू लागल्या.

कार्यक्रम उत्तम झाला. सोमवारी इंदुबाई कामावर गेली तेव्हा तिच्या जागेसमोर तो कागद चिकटवलेला होता. दोन नव्या मुली समोरासमोर उभ्या होत्या, मोबाइलवर नाचाचं संगीत चालू होतं. इंदुबेन, आता बसा जरा, शेठ फार प्रेमाने म्हणाला.

ती दारातच उभी राहिली. फुटू दे, तिने आपल्या खानदेशी देवीला, कानबाईला, मनात विनवलं. संगीत थांबलं. मुलीने टोपली उलटली. पनीर अख्खं बाहेर आलं.

"मासी, बराबर छे ने?" मुलीने विचारलं.

इंदुबाईने बोटाने दाबून पाहिलं. खोटं बोलायला अजून वेळ होता.

"बराबर शे," ती म्हणाली.