रुईची दाढी

आयुष्यात एकदाच दाढी लावली आणि त्याच दाढीनिशी मी मैत्रिणीला दगा दिला. गेल्या महिन्यात नांदुऱ्याहून मार्थाच्या सुनेचा फोन आला, ‘आई गेल्या’... आणि रडण्याआधी मला ती दाढीच आठवली.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, आम्हीही कोवळ्याच. आमची मंडळी म्हणजे मोजकी ख्रिस्ती घरं. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रार्थनाघरात पोरंसोरं येशूच्या अटकेचं नाटक करत. त्या वर्षी मुलगे कमी पडले म्हणून येशूचा पट्टशिष्य पेत्र मी झाले. येशूला पकडून देणारा यहूदा व्हायला कोणी धजेना, ते काम मार्थाने घेतलं. मी मात्र ‘सारे सोडून गेले तरी मी सोडणार नाही’ हे पेत्राचं वाक्य घरोघरी ऐकवत मिरवत होते. दाढीसाठी रुई हवी, म्हणून आम्ही दोघी कापसाच्या जिनिंगच्या आवारात चोरून शिरलो. मार्थाचे वडील तिथेच हमाल. मला कुठला धीर! कणकेची खळ फासून मी तिथंच दाढी चिकटवली. तेवढ्यात मुकादमाने मार्थाचा हात धरला आणि मला विचारलं, ही तुझ्यासंगं हाये का? ‘मी नाई वळखत तिले,’ म्हणाले आणि दाढीसकट पळाले. तालमीत इतकं स्पष्ट कधी बोलले नव्हते!

मार्थाने माझं नाव सांगितलं नाही. तिच्या बापाला मुकादमाचे पाय धरावे लागले, तेव्हा कुठे काम टिकलं. शुक्रवारी ती यहूदा म्हणून उभी राहिली, तर मागून कुणीतरी ‘चोट्टी’ म्हणून हसलं. माझी पाळी आली. अटकेनंतर शेकोटीपाशी पेत्र येशूला नाकारतो, ते ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणताना हुंदकाच फुटला... आणि लोक म्हणाले, काय पेत्र केला पोरीनं! पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, चुकले दोघंही; पण यहूदा परत आलाच नाही, पेत्र आला. मला वाटलं, मी यहूदाच. ईस्टरच्या सकाळी उपासनेला न जाता मी घरात दडून बसले.

त्यानंतर दर ईस्टरला मार्थाच्या चुलीवर माझ्या वाटणीचं वांगं भाजलं जायचं. यंदाही भाजते, असं सून म्हणाली आहे. पण पहिल्या वेळी, त्या दडून बसल्या सकाळी, मार्था स्वतः दारात आली होती. माझ्या हनुवटीवर अजून खळीची खपली होती. तिकडे बघत ती म्हणाली, “पेत्रानं नाकारलं तरी प्रभूनं त्याले मासे भाजून देल्ले होते वं, आपल्या घरी वांगंच हाये. थंड होऊन राह्यलं... तोंड धुऊन ये.”