राजुऱ्याचा बास ट्रॉम्बोन

मंजुषा मेश्राम वडशातल्या एका राइस मिलमध्ये धर्मकाट्यावर बसते. धानाचा ट्रक काट्यावर चढला की ती खिडकीतून डोकं बाहेर काढते आणि ड्रायव्हरला सांगते, "भाऊ, तुमी उतरा, अन् क्लीनरलेही उतरवा." तिचा आवाज जाड आहे. इतका जाड, की मिलच्या फोनवर तिला पहिल्यांदा ऐकणारा व्यापारी हमखास "हो भाऊ, बोला" म्हणतो. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून तिने गाण्याचं नाव काढलं नाही. विहारात वंदना चालू असतानासुद्धा ती नुसती पुटपुटायची.

अशा बाईने एक्केचाळिसाव्या वर्षी ट्रॉम्बोन हातात घेतला, तो तिच्या वॉर्डातल्या बायांमुळे. जयंतीच्या मिरवणुकीला दरवर्षी बाहेरून बँड आणायचा, आणि बायांनी मागून मेणबत्त्या धरून चालायचं, याचा त्यांना कंटाळा आला होता. "आपणच वाजवू ना मंग," असं कोणीतरी म्हणालं आणि चौदा जणींचं पथक तयार झालं. शिकवायला ब्रह्मपुरीकडचे मुखरू मास्तर विहारात यायचे. सारी हयात लग्नाच्या बँडमध्ये घालवलेला, सत्तरीला टेकलेला, उन्हाने रापलेला माणूस. त्यांनी कुठून कुठून जुनी वाद्यं गोळा करून आणली. कोणी ट्रम्पेट घेतला, कोणी क्लॅरनेट, दोघी-तिघी ढोलावर बसल्या. ती लांब नळी मागे-पुढे करायचा ट्रॉम्बोन तेवढा तसाच पडून राहिला. मास्तरांनी मंजुषाकडे पाहिलं. "तुहा हात लांब आहे. घे."

तिने घेतला. पहिले दोन महिने त्यातून फक्त हवा निघाली. मग एका संध्याकाळी खालचा एक सूर असा निघाला, की विहाराच्या खिडकीचं तावदान थरथरलं आणि सगळ्या बाया वळून पाहायला लागल्या. मंजुषाने घाबरून वाजवणं थांबवलं. मास्तर मात्र हसत होते.

दीड वर्ष असंच गेलं. वरचे सूर तिला कधी नीट जमले नाहीत, पण खालचे मऊ लोण्यासारखे यायचे. एक दिवस मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. "मंजुषा, हा बाजा तुले लहान पडून राह्यला. तुले बास ट्रॉम्बोन पाहिजे. याचा मोठा भाऊ समज. भोंगा मोठा, नळी जाड, अन् अंगठ्यापाशी खटका. खटका दाबला का सूर आणखी खाली जाते."

त्या रात्रीपासून मंजुषाचा मोबाइल बास ट्रॉम्बोनच्या फोटोंनी भरून गेला. परदेशी वाद्यांच्या किमती पाहून तिने मोबाइल उलटा करून ठेवला. एक मात्र चीनचा होता, लाल रंगाचा, चकचकीत, आणि दिवाळीच्या बोनसात बसेल असा. तिने तो मास्तरांना दाखवला.

"रंग वाजवाचा आहे का तुले?" मास्तर म्हणाले. "हातात घेतल्याबिगर, फुंकल्याबिगर बाजा घेत नसते. एखांदा चांगला निघनही. पण तुह्या नशिबी कोणता येईन, हे तो पाठवणाराही सांगू शकत नाई."

मंजुषाचा नवरा प्रफुल मोटारी रिवाइंड करतो. धानाच्या पट्ट्यातले अर्धे मोटारपंप त्याच्या हातून गेलेले. त्याच्याकडे आलेल्या राजुऱ्याच्या एका गिऱ्हाइकाने बोलता बोलता सांगितलं, की त्यांच्या गल्लीत गोपालभाऊ म्हणून खाणीतले रिटायर इलेक्ट्रिशियन आहेत, आणि त्यांच्या घरी "तोफेएवढा बाजा" पडून आहे. फोन लावला तर त्यांची बायको शकुबाई बोलली. "या, या. लवकर या. पलंगाखालची जागा मोकळी होईन."

पुढच्या रविवारी दोघं सकाळच्या गाडीने बल्लारशाला गेले आणि तिथून ऑटोने वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्याला. वाटेत मंजुषा मास्तरांनी सांगितलेलं मनात घोकत होती. भोंग्याचे पोचे पाहू नको, ते सूर नाही खात. नळीचा पोचा पाहा, तो खातो. खटका दाबून पाहा, अडकतो का. नळी उभी धर आणि बाहेरची अलगद सोड. ती आपल्या वजनाने खाली घसरली पाहिजे. खालून हात धरायला विसरू नको.

गोपालभाऊ अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गोरेपान, ताठ, पण बोलताना ओठ आत ओढले जात होते. त्यांनी प्रफुलकडे पाहिलं. "कधीपासून वाजवून राह्यले तुमी?"

"मी नाई जी," प्रफुल म्हणाला. "हे वाजवते."

गोपालभाऊंनी मंजुषाकडे पाहिलं, मग तिच्या डाव्या मनगटाकडे. "वजन पेलन का बाई तुमाले?"

"धानाचं पोतं पेलतो," मंजुषा म्हणाली.

आतून शकुबाई हसली.

पेटी बाहेर आली. आत निळी मखमल, जागोजागी उसवलेली. तीस वर्षांपूर्वी गोपालभाऊंनी तो बास ट्रॉम्बोन सिकंदराबादच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून आणला होता. बनवणाऱ्याचं नाव हाताच्या घामाने झिजून गेलं होतं. खाणीच्या कॉलनीतल्या बँडमध्ये, नदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या लग्नांत त्यांनी तो वाजवला. मग मागच्या वर्षी पुढचे चार दात गेले. कवळी बसवली, पण फुंकायला गेलं की कवळीच माउथपीसमध्ये यायची.

"याच्या भोंग्याले पोचा आहे," गोपालभाऊ दाखवायला लागले. "इथी झाळ लावली आहे. खटक्याची स्प्रिंग ढिली आहे. मखमलीले कसर लागली."

"विकून राह्यले का बदनामी करून राह्यले?" शकुबाई म्हणाली.

मंजुषाने नळीला पाण्याचा हात लावला, ती उभी धरली आणि बाहेरची नळी अलगद सोडली. नळी सरसर उतरली आणि सुरांच्या सात जागांपैकी पाचव्या जागेपाशी येऊन थांबली. बोटाने ढकलल्यावरच पुढे गेली. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तिथेच.

इतक्या लांबून आलो, तर निदान फुंकून तरी पाहू, असं मंजुषाला वाटलं. ती उठून उभी राहिली, खांद्यावर ते धूड घेतलं, पोट भरून श्वास घेतला आणि खालचा एक लांब सूर लावला.

सूर अंगणभर पसरला. मुनग्याच्या झाडावरचे कावळे उडाले. समोरच्या घरातली बाई दाराशी आली. गोपालभाऊ खुर्चीच्या हातावर हात टेकून अर्धे उठले होते आणि तसेच राहिले होते.

"आणखी एकडाव," ते म्हणाले. "थांबा, मले तिकडे जाऊ द्या." ते अंगणाच्या टोकाला फाटकापाशी जाऊन उभे राहिले. मंजुषाने पुन्हा वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"तीस वर्सं वाजवला मी हा," ते परत येऊन म्हणाले. "पण भोंग्याच्या समोर मी कधी उभाच नाई राह्यलो. असा वाजते तं."

शकुबाईने पदर डोळ्यांना लावला आणि चहा टाकायला आत गेली.

प्रफुलला वाटलं, जमलं. तो हळूच म्हणाला, "भाऊ, नळी थोडी अडकते, तं भावात थोडंसं..."

"देत नाई," गोपालभाऊ म्हणाले.

"काऊन?"

"नळी वाकडी आहे. मले माहीत होतं. माहा हात तिथी आपोआप जोर लावे, म्हणून माहं निभून गेलं. पण बाई नवीन आहे. नवीन माणसाले समजत नाई का खोट बाज्यात आहे का आपल्यात आहे. नळी अडकन, अन् हे म्हणन का माहाच हात खराब. सहा महिन्यांत सोडून देईन."

मंजुषाला रागही येत नव्हता, कारण माणूस खरं बोलत होता. शकुबाईने वांग्याची भाजी आणि भात वाढला. दोघं जेवले आणि रिकाम्या हाताने परत निघाले. परतीच्या गाडीने मूल स्टेशन सोडलं, सिंदेवाही सोडलं, तरी मंजुषा खिडकीबाहेरच पाहत होती. प्रफुलने तिच्यासाठी भजी घेतली. तीही तिने तशीच हातात धरून ठेवली.

पुढचे आठ दिवस तो लाल ट्रॉम्बोन मोबाइलमधून तिला बोलावत होता. दोनदा तिने पत्तासुद्धा भरला. दोन्ही वेळा शेवटच्या बटणापाशी बोट थांबलं. मास्तरांना तिने राजुऱ्याचं सगळं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले, "असा विकणारा मी पाह्यला नाई. थांब थोडी."

ती थांबली. तिसऱ्या आठवड्यात, काट्यावर ट्रकची रांग लागलेली असताना प्रफुलचा फोन आला. "स्टेशनवर ये. गोपालभाऊ आले आहे."

ती मॅनेजरला सांगून पळत स्टेशनवर गेली. बाकावर गोपालभाऊ बसले होते, मांडीवर पेटी आडवी, दोन्ही हात पेटीवर. त्यांनी स्वतः बसने हैदराबादला जाऊन, तिथल्या एका जुन्या कारागिराकडे चार दिवस बसून नळी सरळ करून आणली होती. प्लॅटफॉर्मवरच त्यांनी पेटी उघडली. "धरा उभी. सोडा."

मंजुषाने नळी सोडली. ती एका दमात खालपर्यंत आली आणि तिच्या तळहातावर टेकली.

पैसे त्यांनी पहिल्यांदा सांगितले होते तेवढेच घेतले. दुरुस्तीचं विचारल्यावर कानांवर हात ठेवले. "तो खर्च माहा. इतके वर्सं वाकडा ठेवला, त्याचा दंड."

खटक्याची स्प्रिंग प्रफुलने आपल्या दुकानात बदलली. मनगटावरचा भार कमी करायला जुन्या बॅगेच्या पट्ट्याचा एक आधारही शिवून दिला. पण बाजा चांगला मिळाला म्हणजे वाजवणं सोपं झालं, असं काही नव्हतं. मोठ्या नळीला श्वास दुप्पट लागायचा. चार सुरांत मंजुषाच्या डोळ्यांसमोर तारे चमकायचे. शेजारची पुनम एकदा विचारून गेली, "ताई, तुमच्या घरी म्हैस आणली का?" मंजुषा चिडली, मग तिलाच हसू आलं. पहाटे मिलच्या रस्त्याने चालताना ती आठ पावलं श्वास आत आणि आठ पावलं बाहेर असं मोजायला लागली.

रविवारी अकरा वाजता गोपालभाऊंचा व्हिडिओ कॉल यायला लागला. "कोपर दाखवा. खाली पडून राह्यलं. वर घ्या." कधी ते नुसते ऐकत बसायचे. कधी म्हणायचे, "हे कालच्या भातासारखं वाजवलं, गार. पुन्हा वाजवा."

एप्रिलच्या मिरवणुकीत ऊन मी म्हणत होतं. स्टेशन रोडवर मंजुषाचा श्वास संपला आणि दोन ओळी तिच्या हातून गेल्या. तिसऱ्या ओळीला ती पुन्हा आत शिरली. बाकीच्या तेरा जणींच्या सुराखाली तिचा सूर अंथरलेल्या चटईसारखा बसला. कोणी वेगळं कौतुक केलं नाही. फक्त ढोलावरची बायनाबाई नंतर सरबत पिताना म्हणाली, "तू मधात थांबली तेव्हा मले पायाखालून काहीतरी गेल्यासारखं वाटलं." मास्तर म्हणाले, यापेक्षा मोठी शाबासकी बास वाजवणाऱ्याला मिळत नसते.

मिरवणुकीनंतरच्या रविवारी मंजुषा थकलेली होती. वाजवायचं जिवावर आलं होतं. आज राहू द्या म्हणून सांगायला तिने अकराच्या आधी स्वतःच फोन लावला. तो शकुबाईने उचलला, तिचं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नाई नोको म्हणू माय. हे नऊ वाजतापासून दाढी करून, इस्तरीचा सदरा घालून बसले आहे."

मंजुषाने फोन खिडकीला टेकवून ठेवला आणि पेटी उघडली.