मोकळी ठेवलेली गाडी

गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत गाडी लावायचा एक अलिखित कायदा होता. गाडी न्यूट्रलला ठेवायची, चाकं सरळ ठेवायची आणि हँडब्रेक लावायचा नाही. घरं दाटीवाटीची, कुणाची ना कुणाची गाडी दुसऱ्याच्या फाटकापुढं येणारच. मग ज्याला आपली गाडी बाहेर काढायची असेल त्यानं पुढ्यातली हातानं थोडी सरकवायची आणि आपली वाट मोकळी करायची. कुणाला उठवायला नको, हाका मारायला नकोत. हँडब्रेक लावणारा माणूस म्हणजे शेजाऱ्याला आडवा जाणारा माणूस, असा सरळ हिशेब.

मला हे माहीत नव्हतं. चाळिशी ओलांडल्यावर मी गाडी शिकले. घरच्या काळ्या मसाल्याला गुलमंडीतल्या दुकानांतून मागणी वाढली, रिक्षानं पोती नेणं परवडेना, म्हणून आम्ही एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. नवरा कंपनीत, त्याला सवड नाही. क्रांती चौकाजवळच्या ड्रायव्हिंग क्लासच्या सरांनी मला गाडी थांबवायचा धडा चालवण्याच्या आधी दिला होता. पाय ब्रेकवर, हँडब्रेक पूर्ण वर, मग गिअर, आणि मगच पाय काढायचा. उतार असेल तर चाकं भिंतीकडं वळवायची, म्हणजे गाडी सुटलीच तर भिंतीला टेकेल. मी हे स्तोत्रासारखं पाठ केलं होतं. मला नियम आवडतात. नियम न पाळणारी माणसं तर अजिबात आवडत नाहीत, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगते.

पहिल्याच आठवड्यात शेजारचे भाऊजी फर्स्ट शिफ्टला निघाले आणि माझी व्हॅन काही हलेना. त्यांनी दार वाजवलं.

"वहिनी, गाडीला बेड्या घातल्या का काय? शिफ्टची वेळ झाली अन् माझी गाडीच घरात अडकली की!"

"नियमानं लावली आहे," मी म्हणाले.

"नियम हायवेवर वहिनी. हितं माणसं राहतेत."

मी तोंड उघडलंच होतं, पण आत्या मधे आल्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. त्यांचं सगळं आयुष्य शेतावर गेलं, गुडघे गेल्यावर त्या आमच्याकडं शहरात आल्या. त्यांनी मला आत ओढलं. "हे बघ, शेजाऱ्यासंगं असं आवळून राहू नाय. ठिव की मोकळी. कोण पळवून न्यायलंय तुझी गाडी?"

झालं. त्या दिवसापासून मी गाडी मोकळी ठेवू लागले. आणि खरं सांगायचं तर काही बिघडलं नाही. आमची गल्ली म्हणजे नुसते खड्डे. कुठंही थांबा, चाक आपसूक खड्ड्यात बसायचं. खड्डेच आमचे हँडब्रेक होते, फक्त हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग गेल्या हिवाळ्याआधी गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. सगळ्यांनी मिळून नारळ फोडला. पाणी तुंबू नये म्हणून ठेकेदारानं गल्लीच्या तोंडाकडं जरा उतार दिला होता. जरा म्हणजे किती, तर चालताना पायाला कळणार नाही इतका. रस्ता नवा झाला, आमचा कायदा जुनाच राहिला.

आत्यांची थंडीतली जागा गल्लीच्या तोंडाशी होती. सकाळचं ऊन आधी तिथं यायचं. त्या प्लास्टिकची खुर्ची टाकून गल्लीकडं तोंड करून बसायच्या. कोण कुठल्या घरातून निघालं, कुणी मेथी घेतली, कुणाची सून माहेरी गेली, सगळी बित्तंबातमी दुपारच्या जेवणाबरोबर मला मिळायची. मी वैतागायचे, पण ऐकायचे.

त्या सकाळी मी नेहमीसारख्या मोकळ्या उभ्या व्हॅनमध्ये दळायला न्यायची मिरचीची पोती धक्के देत भरली. भरून झाल्यावर पाण्याची बाटली आणायला आत गेले. परत आले तर गाडी जागेवर नाही.

ती गल्लीतून खाली चालली होती. इंजिन बंद, आवाज नाही, आत कुणी नाही. एखादं माणूस जेवण करून शतपावलीला निघावं तशी निवांत चालली होती आणि हळूहळू तिचा वेग वाढत होता. समोर आत्या. त्यांना खुर्चीतून उठायला दोन-तीन झोके घ्यावे लागतात. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांनी काठी पुढं धरली आणि बैलांना थांबवतात तशी हाक दिली, "होऽऽ! होऽऽ!"

मी पळत सुटले. ओरडले, "आत्या! गाडी सुटलीऽऽ!" जसं काही त्यांना दिसतच नव्हतं. तेवढ्यात समोरून भाऊजी आले, दूध घेऊन. त्यांनी पिशवी टाकली, आत्यांना खुर्चीसकट मागून धरलं आणि बाजूला खेचलं. खुर्चीचा एक पाय मोडला. दोघं जमिनीवर पडले. व्हॅन त्यांच्या शेजारून गेली आणि विजेच्या खांबाला धडकून थांबली.

आत्यांच्या कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. आणि मी काय केलं? मी भांडले. ठेकेदाराला शिव्या घातल्या, फोनवर नवऱ्याला झापलं, आणि ज्यांनी म्हातारीला वाचवलं त्या भाऊजींनाही म्हणाले, "घ्या, ठेवा आता गाड्या मोकळ्या!" ते आत्यांची पडलेली काठी उचलून त्यांच्या हातात देत होते. त्यांच्या शर्टावर दूध सांडलं होतं. घाबरले की मला रागच येतो, काय करू.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या सगळ्या गाड्यांचे हँडब्रेक लागू लागले. माझी किल्ली भाऊजींच्या घरात खिळ्यावर टांगली गेली, म्हणजे अडचण आली तर त्यांनी स्वतः गाडी काढायची आणि नीट लावून किल्ली परत अडकवायची. किल्ली देताना मला जड गेलं. गाडी मोकळी सोडण्यात कसला आलाय विश्वास, ती तर नुसती बेफिकिरी. खरा विश्वास किल्ली देताना लागतो.

पण आत्या बाहेर बसेनात. म्हणाल्या, "ऊन बाधायलंय मला." कधी म्हणायच्या, "बाहेर काय ठिवलंय?" दिवसभर टीव्हीसमोर. टीव्ही बंद असला तरी तिथंच. जेवण अर्धं. बातम्या बंद. गल्लीतल्या बायका विचारायच्या, आत्या कुठं गेल्या गावाला? मी भरल्या घरात एकटी जेवू लागले. एकदा मी म्हणाले, गाडी आता हलत नाही, बघायला तर चला. त्या भिंतीकडं बघून म्हणाल्या, "म्याच सांगितलं व्हतं तुला, मोकळी ठिव म्हणून." मला रडू आलं. त्यांना गाडीची भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त स्वतःच्या शब्दाची वाटत होती.

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी मी गुलमंडीहून आले, गाडी लावली, उतरले, तर आत्या दारात काठी घेऊन उभ्या.

"वढला का?"

"ओढला."

"गेर?"

"तोंड उताराला आहे, म्हणून रिव्हर्स टाकलाय."

"चाक?"

"भिंतीकडं वळवलंय."

"मंग ढकल."

मी ढकललं. गाडी हलली नाही. "तू नगं," त्या म्हणाल्या, "तू सून हायस, तू कशाला जोर लावशील? त्याला बोलीव." भाऊजी आले, त्यांनी खांदा लावला. तेवढ्यात भाजीवाला आला, त्यालाही लावलं कामाला. शेवटी आत्यांनी काठी माझ्या हातात दिली, दोन्ही तळवे व्हॅनच्या मागच्या दारावर टेकवले आणि दात आवळून स्वतः ढकललं. मान थरथरली. कुणी हसलं नाही. मग त्या तशाच टेकून उभ्या राहिल्या, दम खात.

"खुर्ची आण," त्या म्हणाल्या.

मी नवी खुर्ची आणली. वाटलं, पलीकडं उन्हात ठेवायला सांगतील. त्यांनी ती व्हॅनच्या पुढ्यातच ठेवायला लावली, हातभरावर, आणि व्हॅनकडं पाठ करून बसल्या.

"आत्या, जरा बाजूला बसा की."

"का गं? तुझाच तुझ्या हातावर भरोसा नाय व्हय?"

मी हसले. भाजीवाल्याला त्यांनी मेथीचा भाव विचारला, मग त्याच्याशी हुज्जत घालायला लागल्या. मी चहा टाकायला निघाले आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. व्हॅनचं दार आवाज न करता उघडलं आणि हँडब्रेक पुन्हा एकदा वर ओढून पाहिला. तो आणखी वर येत नव्हता. तरी मी बराच वेळ हात काढला नाही.