सुनंदा मॅडमचं शनिवारचं राज्य

सुनंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी नववीच्या वर्गात निबंध तपासत होते. राजूभाऊंचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन आला. "ताई, सुनंदा गेली," एवढंच ते बोलले. मुलांनी माझ्याकडे पाहिलं. महिना उलटला, आणि आज कुठे लिहायला बसवतंय.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. मी मराठी शिकवायची, ती गणित आणि विज्ञान. बोलायला फटकळ, पण मुलांवर हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. पोरं गणिताला घाबरतात याचा तिला फार त्रास व्हायचा. एका दिवाळीत नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा तिचा भाचा आला आणि त्याने तिला मित्रांबरोबरचा एक खेळ दाखवला. एकाने गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्यातले जादूगार, तिरंदाज, चोर, वैद्य व्हायचं. काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि ते जमलं की फसलं, हे वीस बाजूंच्या फाशाने सांगायचं. फराळ अर्धवट टाकून सुनंदा त्याच्यासोबत खेळत बसली. तो परत गेला, फासे मात्र तिने ठेवून घेतले.

मग शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत तिचं राज्य सुरू झालं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर नकाशे, तलावाच्या तळाशी झोपलेला राक्षस, डोंगरावर गढी. गढीची भिंत किती उंच, हे सावलीवरून काढल्याशिवाय शिडी मिळायची नाही. चेटकिणीच्या विषावर उतारा शोधताना आम्ल आणि आम्लारी यायचे. फासा टाकण्याआधी जिंकण्याची शक्यता किती, ते सांगावं लागे. "तुझं मराठीही कामाला लाव," असं म्हणून तिने राजदरबारातले अर्ज-फर्मान माझ्याकडून लिहून घेतले.

पण फासे म्हटल्यावर गावात बोभाटा झालाच. नवेगाव बांधकडे धानाची शेती असलेले गंगाधरभाऊ थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत आले. "पोराईले शाळेत जुगार कायले शिकवून राहिले जी?" त्यांची प्रणाली आठवीत होती. मुख्याध्यापकांनी सुनंदाला खेळ बंद करायला सांगितलं. ती म्हणाली, "करते बंद. पण आधी भाऊंनी एकदा येऊन बघावं."

प्रणाली बोलताना अडखळायची. वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. सुनंदाच्या राज्यात मात्र ती राणीची दूत होती. त्या शनिवारी गंगाधरभाऊ मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. तलावाचं पाणी चढत होतं, काठावर राणीची फौज अडकली होती, आणि तिच्या नावा अडवून बसलेल्या पहारेकऱ्याला दूताने पटवायचं होतं. सुनंदा पहारेकरी झाली. "काऊन सोडू मी नावा?" ती दरडावून म्हणाली.

प्रणाली पहिल्याच शब्दाला अडली. दुसऱ्याचं वाक्य कोणी पुरं करायचं नाही, असा तिथला नियम होता. सगळे थांबले. "पा... पाणी रोज जेवढं च... चढते," तिने सुरुवात केली, आणि अडखळत अडखळत सगळा हिशेब मांडला. पाणी याच वेगाने चढलं तर राणीच्या फौजेआधी पहारेकऱ्याचंच घर बुडणार होतं. फासा उचलायला तिने हात पुढे केला. "राहू दे," सुनंदा म्हणाली. "पटलं मला. सोडा नावा."

निघताना गंगाधरभाऊ म्हणाले, "मॅडम, घरी एवढी नाही बोलत जी ते." दारातून पुन्हा वळले. "पुढच्या शनिवारी आलो तं चालन का?"

नंतर सुनंदाला कॅन्सर निघाला. नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, शनिवार थांबले. शेवटची भेटले तेव्हा तिचे केस गेले होते, आवाज पार बसला होता. म्हणाली, "पोरांना मी सांगायची, घाबरू नका, मोजा. मोजलं की भीती जाते. डॉक्टरांनी मला माझ्या जगण्याच्या शक्यतेचा आकडा सांगितला गं. मोजला... भीती नाही गेली." मी तिचा हात धरून बसले. मग ती म्हणाली, "हे सांगायचं राहून गेलं पोरांना."

ती गेल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी प्रयोगशाळेतून आवाज आला म्हणून मी डोकावले. मुलं टेबलाभोवती जमली होती. सुनंदाच्या खुर्चीत प्रणाली. आता ती दहावीत आहे. कोणीतरी तिला विचारलं, मॅडमच्या गोष्टीत पुढे काय होणार होतं?

"मले नाही मालूम," ती म्हणाली. "ते गोष्ट म... मॅडमची होती. हे माही आहे."

मला पाहून तिने स्टूल सरकवला. मी कोण होणार, असं विचारलं. वैद्य, मी म्हटलं. का ते मला सांगता येणार नाही. तिने कोऱ्या नकाशावर एक घर काढलं, त्याच्यासमोर एक ठिपका.

"वैद्यबाई, या घरात एक बाई बि... बिमार आहे. तिच्यावर औषध नाही. तुमी दारात उभ्या आहा. आत जाता का?"

"जाते," मी म्हटलं.