अकोल्याहून आणलेली चित्रं

नणंदेनं पान उचललं आणि चित्राची सालटं निघाली. दुसरं मासिक उघडलं, तेही तसंच. गुळगुळीत कागद भिजून वाळला होता, पानाला पान चिकटलं होतं.

मासिकं इस्रायलची होती. अकोल्याच्या एका रेल्वे गार्डाच्या बायकोनं दिलेली. ते बेने इस्रायली, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. बाईचा भाऊ तिकडे राहायला गेला होता, तो पाठवायचा. नणंद नागपूरला चित्रकला शिकत होती. तिला तिकडच्या नव्या चित्रकारांवर प्रबंध लिहायचा होता. परवा सर चित्रं बघून विषय मंजूर करणार होते. नाही म्हणाले तर शिक्षण बंद आणि परतवाड्याचं स्थळ पक्कं, असं सासऱ्यांनी सांगून ठेवलं होतं.

आमचं अमरावतीचं घर भिक्षुकाचं. परक्या घरचं काही आलं की सासूबाई पाणी शिंपडून घेत. मासिकांवरही शिंपडलं आणि पेटी लावून टाकली.

"मी काय वाईट केलं?" त्या म्हणाल्या. "आणि ती काय चित्रं होती? नुसते फराटे."

नणंद रडली नाही. नुसती माजघरात येरझारा घालत राहिली. मलाही बसवेना. सकाळी सासरे पूजेला बाहेर पडले तशी मी तिला घेऊन अकोल्याची गाडी पकडली. गाडीत ती सारखं बोलत होती. ते चित्रकार थंड मुलखातून आलेले, इस्रायलचं ऊन त्यांना पेलेना. आधी जुन्याच रंगांत रंगवत राहिले, मग उन्हानं आकार खाल्ले तसे यांनीही चित्रांत खाल्ले. मला त्यातलं ऊन तेवढं कळलं.

गार्डाच्या क्वार्टरमध्ये सामान बांधून ठेवलेलं. तेही इस्रायलला कायमचे निघाले होते. बाईनं सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याची कुरकुर चालू असताना बांधलेली ट्रंक सोडली आणि तळातली मासिकं काढली.

"घे. सासूबाईंना म्हणावं, आम्ही धुऊनच दिली आहेत."

आम्ही तिथं चहा प्यालो. नणंद तिथूनच नागपूरला गेली, मी एकटी घरी परतले. सासरे त्यानंतर माझ्याशी कधी सरळ बोलले नाहीत.

विषय मंजूर झाला. परतवाड्याचं स्थळ गेलं. नणंद पुढे चित्रकला शिकवत राहिली, लग्न केलं नाही. सासू-सासरे गेले, माझा नवराही गेला. अकोल्याच्या बाईचं पुढे काय झालं, माहीत नाही. त्या घरातल्या आता मी आणि नणंद, दोघीच जिवंत आहोत.