भाई गच्चीवरून उतरेनात

मस्कतजवळच्या माबेलात दुकानांच्या पाट्या रंग वाळायच्या आत बदलतात. आमची एसी दुरुस्तीची कंपनी मात्र टिकली, आणि त्याचं गुपित लोक मला, तिथल्या फोरमनला, विचारतात. मी गंभीर चेहरा करून सांगतो, गुपित म्हणजे शिडी. आमचे मालक, रत्नागिरीकडचे भाई, शिडीवर सगळ्यांच्या आधी चढायचे आणि सगळ्यांच्या नंतर उतरायचे. पाण्याचा जगसुद्धा आधी पोरांकडे जायचा, उरलं तर भाईंकडे. असा मालक सोडून जास्त पगारासाठीही कोणी हलत नाही.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना बजावलं, हृदय कमजोर झालंय, उन्हात चढणं बंद. हे फक्त मला ठाऊक, कारण दवाखान्यात मीच नेलं होतं. भाई म्हणाले, पोरांना कळलं तर शिडीला हात कोण लावेल? आणि चढत राहिले.

मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेच्या गच्चीवर काम चालू होतं. शाळा उघडायच्या आत सगळी युनिटं बदलायची होती. ऊन असं, की आमच्या वेल्डरने मशीन चालू न करताच एक सांधा जोडला. मी स्वतः पाहिलंय.

उन्हामुळे सरकारने सक्तीची केलेल्या दुपारच्या सुट्टीला अजून अवकाश होता. भाई एका युनिटच्या कडेला टेकून बसलेले. पोरं घामाने निथळत होती आणि भाईंचा शर्ट कोरडा ठणठणीत. एवढ्या उन्हात घाम आटला, म्हणजे ऊन लागलं. खाली चला म्हटलं, तर म्हणाले, सगळे उतरले की उतरतो. मग मी थापा सुरू केल्या. घरून फोन आलाय, अर्बाब, म्हणजे कंपनीचे ओमानी स्पॉन्सर, खाली गाडीत थांबलेत. भाई डोळे न उघडता हसले.

शेवटी मी पडलो. असा पडलो की आवाज तिकडे लांब इब्रा गावापर्यंत गेला असणार. डोळे फिरवले, फेसही काढणार होतो, पण तोंडात थुंकी उरली नव्हती. आजारी माणसाला टाकून भाई बसून राहणार नाहीत, एवढं मला माहीत होतं. "यल्ला, धरा याला," म्हणत ते उठले. वेल्डरने मला पाठीवर घेतलं आणि भाई मागोमाग उतरले.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला तपासलं, खाटेवरून उठवलं आणि तिथेच भाईंना झोपवलं. सलाईन लागल्यावर त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"नाटक चांगलं केलंस."

"तुम्ही उतरत नव्हता, भाई."

"उद्या खरंच कोणी पडला, आणि मला वाटलं हाही नाटक करतोय, तर?"

उंटाशी झालेल्या गप्पा पुराव्यासकट सांगणारा मी, भिंतीकडे बघत बसलो.

दवाखान्यातून सोडल्यावर ते थेट शाळेवर आले. पोरांना शिडीपाशी गोळा केलं.

"माझं हृदय दमलंय. मी वर येणार नाही. यालाही पाठवणार नाही, त्या दिवशी पडला होता."

माझं नाटक त्यांनी पोटात घातलं. पोरं शिडीकडे बघत राहिली, एकही हलेना. भाईंचा चेहरा मला बघवेना. मग वेल्डर चढला, आणि त्याच्यामागे एकेक करत बाकीचे.

भाई सावलीत बसले नाहीत. मान वर करून उभे, आणि घडीघडीला हाक, उतरा रे, पाणी प्या. इतक्यांदा उतरवलं की सुट्टीची वेळ झाली तरी एकही युनिट धड बसलं नव्हतं. शाळेचा माणूस विचारायला आला, वेळेत होईल ना? भाई माझ्याकडे बघत होते. मी इन्शाल्ला म्हटलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यापुढे एकही थाप जोडली नाही.