नळाला आलेला करंट

"मेलो, मेलो! आरं, नळ चावला मला!"

आईचा तो आवाज कळंब्याच्या तुरुंगापर्यंत गेला असणार आणि तिथले कैदी हजेरी समजून रांगेत उभे राहिले असणार. मी नुकताच कागलच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलो होतो. पापण्या उचलायला जॅक लागावा इतके डोळे जड. तसाच धावलो. आई बाथरूमच्या कोपऱ्यात ओल्या लुगड्यानिशी भिंतीला चिकटून उभी होती. एक रबरी चप्पल पायात, दुसरी मोरीच्या तोंडाशी.

आता चपलेचं सांगतो. महिनाभर आई म्हणत होती, गिझर चालू असताना नळाला हात लावला की मुंग्या येतात. मी म्हणायचो, "वय झालं की येतात." मुंग्यांचे झटके झाले, तेव्हा तिला रबरी चपला आणून दिल्या. त्या घालून आंघोळ कर म्हटलं. ही युक्ती गल्लीत मी अशा थाटात सांगितली, की चार घरांतली माणसं करंट नसतानाही चपला घालून आंघोळीला बसू लागली. वायरमनला बोलवायचं मात्र रोज उद्यावर. आल्यावर झोप लागायची, उठल्यावर कामावर.

त्या सकाळी चप्पल घसरली आणि आईचा पाय ओल्या फरशीवर टेकला.

तसाच जाऊन वायरमनचाचांना घेऊन आलो. त्यांनी नळाला टेस्टर लावला. तो असा पेटला, की त्या उजेडात पेपर वाचावा. आमच्या घराचं वायरिंग त्यांच्याच हातचं. बोर्डातून निघालेली हिरवी वायर धरून ते बाथरूमच्या लोखंडी पाइपापर्यंत गेले.

"अर्थिंग मीच हितं बांधलीवती. पाइप जमिनीत जातोय, करंट मातीत जाईल म्हणून. परसातला पाइप कुठं हाय?"

"सडला होता. मीच बदलला. प्लास्टिकचा टाकला."

चाचांनी हातातली हिरवी वायर सोडली. "आणि प्लास्टिकातनं करंट मातीत कसा जायचा? गिझरचा समदा करंट तुमी नळात कोंडलासा की, भाऊ."

तो पाइप बदलल्याचं मी अख्ख्या शिफ्टला ऐकवलं होतं. प्लंबर लोक धंदा सोडून गावाला जातील, इतकं.

मग परसात खड्डा. मीच खणला. आणखी चार फावडी मारली असती तर थेट कर्नाटकात निघालो असतो. चाचांनी तळाला तांब्याचा पत्रा ठेवला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. तिथून जाड वायर आणून बोर्डाला जोडली, नळाच्या पाइपालाही जोडली. गिझरची जळकी कॉइल बदलली. करंट गळला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडणारा स्विच बसवला. टेस्टर पुन्हा नळाला लावला. अंधार.

"खड्ड्यात पाणी घालत जावा. वाळू द्यू नगा," म्हणत चाचा गेले.

मी खड्ड्याच्या कडेला बसून राहिलो. हाताला फोड, अंगात त्राण नाही. तिचा पाय जरा जास्त वेळ टेकला असता तर? गल्लीत कुठल्या थाटात सांगितलं असतं मी?

शेवटी उठलो. "आई, पाणी तापलंय. सगळं नीट झालंय. आता निवांत आंघोळ कर."

आईनं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

"आदी तू कर."